अंगणात भाजलेला राब

चैत्र सरत आला की आमच्या सोसायटीत टँकरची रांग लागते. मागे येताना तो टँकर एका गाण्याची धून वाजवतो. ती इतकी बेसूर आहे की माणूस जागा होतोच. मी उठते, गॅलरीतले पडदे सारखे करते, दूध तापवायला ठेवते. वाघोलीत वैशाख आला हे सांगायला कोकीळ लागत नाही, टँकर पुरतो.

ईरा, नील, तुम्ही दरवर्षी डिसेंबरात परदेशातून येता. तेव्हा पुणं पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागत असतं. हवा गार, भाज्या ताज्या, आजीने तुपातले लाडू करून ठेवलेले. पुण्याचा वैशाख तुम्ही पाहिलेला नाही. आणि आपल्या घराची गोष्ट तर सगळी वैशाखातली आहे.

मागच्या रविवारी ईराने फोनवर विचारलं, "आजी, आपण सेटलर आहोत का?" तिच्या वर्गात कोण मूळचे आणि कोण नंतर येऊन वसलेले, याची चर्चा झाली होती. "मी सांगितलं, माय फॅमिली इज फ्रॉम पुणे. तर टीचर म्हणाल्या, अँड बिफोर दॅट?"

मला त्या बाई आवडल्या. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. परीक्षेला काय येईल हे विचारणारे विद्यार्थी पुष्कळ भेटले, "त्याआधी काय?" हे विचारणारे फार थोडे. म्हणून नीट उत्तर द्यायला बसले आहे. एरवी माझ्या कपाटातले रुमालसुद्धा घडीवर घडी असतात, पण ही आठवण मात्र घडी करून ठेवता येत नाही. तिला धुराचा वास आहे आणि तो मधूनच कुठूनही येतो.

त्याआधी आमचं गाव पश्चिमेला होतं, डोंगरांच्या आत. भाताचं गाव. पावसाळ्यात घरातून ढग दिसत नसत, कारण घरच ढगात असे. कपडे चुलीवर वाळत आणि सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास येई, म्हणून तो कोणालाच येत नसे. उन्हाळ्यात राब भाजायचा. म्हणजे जिथे भाताचं रोप करायचं त्या तुकड्यावर आधी शेण, मग वाळलेल्या फांद्या आणि पाला, मग गवत, आणि सगळ्यावर मातीचा हलका थर. मग पेटवायचं. भडका उडता कामा नये, आत धुमसत राहिलं पाहिजे. जमीन भाजून निघते, तण मरतं, राखेवर बी पेरतात, आणि पाऊस आला की त्या काळ्या तुकड्यावर इतकं हिरवं रोप उठतं की डोळ्यांना गार वाटतं. वैशाखात संध्याकाळी सगळ्या खोऱ्यातून धुराच्या बारीक रेघा सरळ वर जायच्या. डोंगरांच्या आडोशाला वारा नसायचा.

मग पुण्याला पाणी हवं झालं. धरण बांधलं. आमचं गाव त्या पाण्याखाली जाणार होतं. माझ्या आजोबांनी शेवटपर्यंत "बघू" एवढंच उत्तर दिलं, आणि पाणी खालच्या खाचरात आलं तेव्हा उठून स्वतःच्या घराची कौलं स्वतः उतरवली. दारं, वासे, कौलं, उखळ आणि आम्ही मुलं एकाच ट्रकमध्ये बसून या माळावर आलो. मी फ्रॉकच्या वयाची होते. वाटेत मला पुणं दिसलं ते ट्रकच्या फळीच्या फटीतून, उभं चिरलेलं.

वडिलांनी इथे घर बांधलं ते जसंच्या तसं. जोतं कमरेएवढं उंच, छपराला तीव्र उतार, आणि पश्चिमेची पडवी गवताच्या पडद्यांनी बंद केलेली, कारण पाऊस तिकडूनच मारतो. इथे पाऊस मारत नव्हता. इथे पाऊस वाट चुकल्यासारखा येई आणि लाजून निघून जाई. गावातली माणसं येता-जाता थांबायची.

"काय ओ, समिंदर येनार हाय का हिकडं? नाव पन बांधून ठिवा मग."

वडील पुढचा वासा बसवत राहत. त्यांना दुसऱ्या तऱ्हेचं घर बांधताच येत नव्हतं, असं मला मोठेपणी वाटायचं. आता त्यांच्याहून म्हातारी झाल्यावर वाटतं, त्यांना ते बांधायचं नव्हतं.

आमच्या घरांना गाव बुडीतवस्ती म्हणे आणि आम्हाला भातवाले. ज्वारीच्या मुलखात ही शिवी होती. आई भाकरी करायला बसली की तिच्या भाकरीला चिरा पडत आणि शेजारणी ते बघायला मुद्दाम विस्तव मागायला येत.

आता जे सांगते ते तुमच्या बाईंनाही सांग, ईरा, कारण ते सोयीचं नाही. आम्हाला मिळालेलं शेत रिकामं नव्हतं. ते रखमाबाईंचं होतं. सरकारने आमच्यासाठी त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. त्यांचं उरलेलं शेत आमच्या बांधाला लागून होतं आणि बांधावर उभ्या राहून त्या रोज आपली जमीन बघत, आणि त्या जमिनीवर आम्हाला. त्या काळ्या, उंच, आवाजाने दणकट बाई होत्या. नवरा अंथरुणावर, जनावरं दावणीला, आणि सगळ्या घराचा आधार म्हणजे कडब्याची एक गंज, नेमकी आमच्या बांधापलीकडे रचलेली.

पहिल्याच उन्हाळ्यात वस्तीतली घरं रिकामी व्हायला लागली. माणसं परत जात होती, धरणाच्या वरच्या अंगाला, जिथे काहीच त्यांचं नव्हतं पण डोंगर ओळखीचे होते. माझा काका गेला. जाताना वडिलांना म्हणाला, "दादा, हितं आपलं कायबी लागनार न्हाय. ना पीक, ना जीव." वडील त्या दिवसापासून पडवीत बसून राहायला लागले. ट्रकवाल्याला विचारून ठेवलं होतं त्यांनी. आम्ही जाणार की राहणार, हे घरात कोणी बोलत नव्हतं, पण आई भांडी घासून जागेवर ठेवायची की बांधून ठेवायची, याकडे आम्हा मुलांचं लक्ष असायचं.

एके सकाळी आई विळा घेऊन निघाली. म्हणाली, "वैशाख लागला. राब भाजायचा."

इथे पाला कुठला? बाभळीला काटे, लिंबाला कोणी हात लावू देईना. आईने आमच्या शेतातली ज्वारीची धसकटं उपटली, शेण वेचलं, बाभळीच्या वाळक्या शेंगा गोळा केल्या. आम्ही मुलं मागोमाग पाट्या घेऊन. बांधावर रखमाबाई उभ्याच होत्या.

"ए भातवाले, काय चाललंय?"

"राब करतेय."

"इस्तू पेटवायचा न्हाय हितं. माझी गंज दिसती न्हवं? एक ठिनगी गेली तर वरीसभर माझी जनावरं काय खातील, तुझी कवलं?"

"राब भाजल्याबिगर रोप येत न्हाई."

"रोप कशाला पायजे? हितं भात हुतोय व्हय? पानी कुठाय पानी?"

आई विळा टेकवून उभी राहिली. म्हणाली, "पानी कुठाय ते मला नका इचारू बाई. त्याच्याखालनंच आलेय मी."

रखमाबाई आपल्या गंजीकडे वळल्या, पण संध्याकाळी गाव गप्प बसलं नाही. चार माणसं पडवीत येऊन वडिलांना सांगून गेली: बुडीतवाल्यांच्या शेतात विस्तव दिसला तर वस्तीने गावच्या विहिरीवर यायचं नाही. आज मला त्यांचा राग येत नाही. कडब्याच्या गंजी उभ्या असताना शेतात आग लावणारी बाई त्यांना वेडीच वाटली असणार. त्यांची भीती खरी होती. पण आईची गरजही खरी होती, आणि दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर आल्या की कोणाला तरी हटावं लागतं, असं सगळे धरून चालतात.

वडील म्हणाले, "सोड नाद. जाऊ आपन बी. भाऊ गेलाच हाय काठाला."

"काठाला बसून काय बघू? पानी?"

"मंग हितं काय बघनार हाईस?"

"शेतात पेटवायचा न्हाई म्हनले न्हवं?" आई उठली. "अंगन माझं हाय."

आणि तिने शेतातली सगळी रास पाट्यांनी उचलून घरासमोर आणली. जोत्याच्या पुढ्यात, स्वतःच्या पडवीच्या आणि स्वतःच्या पोरांच्या तोंडासमोर. धोका असलाच तर तो तिच्या छपराला असेल, दुसऱ्याच्या गंजीला नाही. शेण, शेंगा, धसकटं, गवत, माती. थर लावताना तिचा हात एकदाही अडखळला नाही. मला आयुष्यात नीटनेटकेपणा कोणी शिकवला असेल तर तो त्या थरांनी.

चूक एकच झाली, आणि ती फक्त आमच्याच माणसांकडून झाली असती. आईने राब दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेटवला. आमच्या खोऱ्यात तीच रीत होती. पण खोऱ्याला डोंगर होते. इथे माळ. दिवस कलला की पश्चिमेचा वारा मोकाट सुटतो, हे तिला माहीत नव्हतं.

धूर आधी सरळ उठला. वस्तीत उरलेल्या बायका दारात आल्या. कित्येक महिन्यांत तो वास आला नव्हता, आणि एक म्हातारी तिथेच मटकन बसून रडायला लागली. बांधावर रखमाबाई आपल्या गंजीला पाठ लावून उभ्या, हातात ओलं पोतं, पायाशी पाण्याची घागर. आणि मग वारा आला. मातीचा थर फाटला, आत धुमसणारं एकदम लाल झालं, आणि आगीने पडवीच्या गवताच्या पडद्याचा खालचा काठ धरला.

वडील ओरडले. आई धावली. पण त्या दोघांच्या आधी बांध ओलांडून रखमाबाई आल्या, घागरीसकट. ओल्या पोत्याने त्यांनी तो पडदा असा झोडपला की त्या आगीला झोडपतात की आम्हाला, ते कळेना.

"भवाने! घर जाळतीस का पोरांसकट? अक्कल हाय का जळली ती बी?"

पडदा विझला. अर्धा काळा होऊन लोंबत राहिला. आई राबावर पुन्हा माती लोटत होती, तिने ते थांबवलं नाही. रखमाबाई धापा टाकत आमच्या उंच जोत्याच्या पायरीवर बसल्या. घागरीत उरलेलं पाणी आपल्याच पायांवर ओतलं. मग कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "आमच्या हिकडं सांजचं वारं सुटतं. म्होरल्या साली दिस उगवायच्या आत पेटव."

म्होरल्या साली. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. वडिलांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रकवाल्याला नको म्हणून सांगितलं आणि पडवीचा जळलेला पडदा ज्वारीच्या ताटांनी विणून काढला.

त्या दोघी मैत्रिणी झाल्या असं मी लिहिलं तर गोष्ट गोड होईल, पण ते खोटं होईल. पुढे विहिरीवर रखमाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हीच ती, सोताचं घर पेटवनारी." आई म्हणाली, "आन् हीच ती, दुसऱ्याचं इझवनारी." दोघींपैकी कोणी हसलं नाही. पाणी मात्र दोघींनी भरलं. पुढची कित्येक वर्षं त्या बांधावरून भांडल्या. आपली जमीन गेल्याचं रखमाबाई मरेपर्यंत विसरल्या नाहीत आणि त्यांनी ते विसरावं अशी अपेक्षा आईने कधी केली नाही.

त्या वर्षी भात किती झाला म्हणाल, तर अंगणाच्या कोपऱ्यात, सांडपाणी जिथे जायचं तिथे, चार ओंजळी. धाकट्या भावाने ताटात भात हवा म्हणून हट्ट धरला. आईने बियाणं फडक्यात बांधून आढ्याला टांगलं. "आवंदा न्हाई," म्हणाली. शेतात आम्ही सगळ्यांसारखी ज्वारी पेरली आणि खाल्लीही. आईच्या भाकरीच्या चिरा हळूहळू बुजल्या. पण दर वैशाखात, दिवस उगवायच्या आत, अंगणात राब भाजला गेला. तो पोटासाठी नव्हता. तो कशासाठी होता हे तिला विचारलं असतं तर तिने पाटी हातात देऊन कामाला लावलं असतं.

तिनेच मला पुण्याला शिकायला पाठवलं. वसतिगृहात मी पहिल्यांदा नळ उघडला आणि पाण्याची धार बघत उभी राहिले. ते आमच्या खाचरावरून आलं होतं. मुली नळ सोडून दात घासत आणि मी जाऊन एकेक नळ बंद करत असे. त्या मला 'नळवाली' म्हणत. म्हणू देत. इंग्रजी मी त्यांच्याहून चांगली शिकले, आणि ज्या भाषेत धरणाचे आराखडे लिहिले गेले होते ती भाषा मला वाचता यायला लागली, याचं मला समाधान वाटे. पुढे लग्न झालं, तुमचे आजोबा भेटले, तुमचा बाबा झाला. शहरात घर केलं. तरी वैशाखात एकदा आईकडे यायचंच. आजोबा मला चिडवत, "लोक माहेरी आंबे खायला जातात, ही धूर खायला जाते."

आई थकली तेव्हा तिने शेत माझ्या भावांना दिलं आणि जोतं आणि अंगण माझ्या नावावर केलं. भाऊ हसले. शेताचे भाव चढले तेव्हा त्यांनी शेत विकलं. त्यावर ही सोसायटी उभी राहिली, आणि आजोबा गेल्यावर मी इथेच फ्लॅट घेतला. घर आम्ही उतरवलं, कारण वासे झिजले होते. जोतं मात्र कुंपणाच्या भिंतीला लागून अजून आहे, त्याच्यापुढे अंगण. दर वैशाखात मी तिथे घोंगडीएवढा राब भाजते. आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना टाकते, खिडक्या लावून घ्याव्यात म्हणून. खाली मतं येतात: "आंटी, पोल्युशन." मी उत्तर देते: "बरोबर. तुमच्या दुसऱ्या गाडीपेक्षा कमी." धुराचा त्रास होतो अशी एक बाई आहे, तिला त्या सकाळी मी तिच्या भाचीकडे सोडून येते. नियम म्हणजे नियम.

आणि आता हेच अंगण सोसायटीला हवं आहे. पाण्याच्या टाकीसाठी. ज्यांचं गाव पुण्याच्या पाण्यासाठी बुडालं त्यांची मुलगी पुण्यात टँकरची वाट बघते, एवढं पुरेसं नव्हतं बहुतेक.

सभा क्लबहाउसमध्ये झाली. चेअरमन सभ्य गृहस्थ आहेत. खुर्ची पुढे करून म्हणाले, "मॅडम, आपण प्रॅक्टिकल विचार करावा. सगळी टाकी अंडरग्राउंड असेल. वर माती टाकून लॉन करून देऊ. तुमचं ते राब की काय, ते सिंबॉलिक करता येईल."

"सिंबॉलिक म्हणजे?"

"म्हणजे... एखादी कुंडी वगैरे."

"आणि बाहेर तो निळा तलाव दिसतोय, पोहायचा, तो काय आहे?"

"ती अ‍ॅमेनिटी आहे मॅडम."

"आणि माझं अंगण?"

"ते तसं वापरात नाही ना."

हे वाक्य मी ओळखते. आमच्या खोऱ्याबद्दलही कुणीतरी कुठल्याशा कचेरीत असंच म्हटलं असेल.

मागच्या रांगेतून एक तरुण आई उठली. कडेवर मूल. म्हणाली, "आजी, राग मानू नका, पण आम्हाला खरंच पाणी पुरत नाही हो. बाळाचे कपडे धुवायला मी ऑफिसातून उशिरा येऊन बसते." तिच्याकडे बघून माझा आवाज खाली आला. तिची गरज खरी होती.

"तुझ्यासाठीच सांगते," मी म्हटलं. "तलावाचं पाणी उपसा, त्याला झाकण घाला, टाकी तयार. खणायची गरज नाही. ज्या सोसायटीला पोहायला पाणी आहे आणि प्यायला नाही, तिने दुसऱ्याच्या अंगणात कुदळ घालू नये. हात वर करा, कोणाकोणाला पोहता येतं?"

थोडे हात वर झाले. चेअरमनांचा नव्हता. ती तरुण आई हसली, मग तिच्या बाजूची, आणि विषय 'पुढील सभेत घेऊ' वर गेला.

तुमच्या बाबाला हे कळलं. त्याने फोन केला. "आई, देऊन टाक ना. कोण करणार आहे तिथे भात? आणि तू एकटी कशाला भांडत बसतेस, इकडे ये. सगळं आहे इथे."

"मी एकदा उठून आलेय," मी म्हटलं. "एका जन्मात तेवढं पुरे."

त्याने विषय बदलला. त्याचं माझ्यावर प्रेम आहे आणि म्हणूनच त्याला कळत नाही. तर ईरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, आपण येऊन वसलेले. दुसऱ्या बाईच्या जमिनीवर वसलेले, आणि तिच्यासमोर ते कबूल करून वसलेले. कोणी म्हटलं म्हणून आलो, हे खरं. कोणी म्हटलं म्हणून उठू, हे नाही. आणि तुम्हालाही ते अंगण मी आयतं देणार नाही. हवं असेल तर वैशाखात या, पाटी उचला, मग बोलू.

आज पहाटे खाली उतरले तर अंगणात चुन्याची पांढरी रेघ मारलेली. चौकोन, कोपऱ्यांना खुंट्या. रात्रीतून मापं घेऊन गेले होते. मी खुंट्या उपटून भिंतीला नीट ओळीत उभ्या केल्या, कारण वस्तू दुसऱ्याच्या आहेत. मग खराटा आणला आणि रेघ झाडायला लागले. चेअरमन फिरायला निघाले होते, थांबले.

"मॅडम, ते उद्या पुन्हा मारतील."

"मारू देत," मी म्हटलं. "मी उद्याही उठणार आहे."